तळातली गादी

रविवारी सकाळी शुभ्रा नावाची पुण्याची मुलगी पाहुण्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि पडवीत उभं राहून तिनं पायजम्याची एक बाजू गुडघ्यापर्यंत वर ओढली. घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. खाजवून खाजवून दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

"ताई, हे काय आहे?"

वनिता पोहे परतत होती. राजगड चढायला येणाऱ्यांना ती आणि तिचा नवरा धम्मदीप पालीतल्या आपल्या घराची मागची खोली द्यायचे, जेवू घालायचे. आजवर कुणी असा पाय दाखवला नव्हता.

"डास असतील," ती म्हणाली. "गडावरच चावलं असतील."

शुभ्रानं आत जाऊन पांढरी चादर आणली आणि तिच्यापुढं धरली. चादरीवर तपकिरी, तिळाहून लहान ठिपका होता. वनितानं बोट पुढं केलं तसा तो उडाला आणि तिच्या मनगटावर बसला.

पिसू. वनितानं हात झटकला, पदरानं पुसला, पुन्हा झटकला. शुभ्रा आणि तिच्या मैत्रिणी पोहे न खाताच निघून गेल्या.

घरात मांजर एकच, भुरी. ती सासूची, सरूबाईंची. सरूबाईंना मोतीबिंदूमुळं धड दिसत नव्हतं, पण भुरी पायाशी आली की त्यांना बरोबर कळायचं.

"त्या मांजराला पोत्यात घाला अन् कामथडीला हायवेवर सोडून या," वनिता नवऱ्याला म्हणाली.

"हायवेला?" सरूबाई म्हणाल्या. "येका दिसात गाडीखाली जाईल ती."

"मग म्या काय करू, आत्याबाई? मला तिच्याकडं बघवत न्हाई."

वनिताला किळस पहिल्यापासूनच फार. न्हाणीत पाहुण्यांचे केस अडकले की ती काडीनं उचलायची. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटाला हात लावायच्या आधी दोनदा पाणी ओतायची. भुरीला तर तिनं पाच वर्षांत एकदाही हातात घेतलं नव्हतं.

धम्मदीप पोतं शोधायला उठेना. तेव्हा वनिता शेजारच्या कुंडलिककडं गेली. त्यानं म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेल्या पावडरीचा अर्धा डबा दिला. तिनं तोंडाला पदर बांधला आणि लांबूनच भुरीच्या अंगावर ती पावडर भुरभुरली.

भुरीनं अंग झाडलं, बसली आणि चाटायला लागली. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. पाय थरथरायला लागले. ती उठायला गेली आणि कुशीवर पडली.

"आगं, काय टाकलंस तिच्या अंगावर?" सरूबाई हातानं चाचपत ओरडल्या. "समदी वली झालीय ही!"

धम्मदीपनं वेल्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना मोबाईल लावला. ते म्हणाले, कोमट पाण्यानं आणि साबणानं आधी ती पावडर काढा, मांजर पुसून कोरडं करा आणि लगेच घेऊन या.

सरूबाईंना एकट्यानं जमेना. भुरीची मान वनितालाच धरावी लागली. ओल्या केसांखाली बोटांना बारीक बारीक काहीतरी पळताना लागत होतं. लाळ तिच्या कोपरापर्यंत ओघळली. कानामागं एरंडाच्या बीएवढा टम्म फुगलेला गोचीड होता, करडा आणि गुळगुळीत. वनितानं डोळे मिटून घेतले, पण मान सोडली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. भुरी टॉवेलात गुंडाळलेली थरथरत पडून राहिली.

"हे म्हशीचं औषध," डॉक्टर म्हणाले. "मांजर दिवसभर अंग चाटतं. अंगावर टाकाल ते सगळं त्याच्या पोटात जाणार."

"मग कडुनिंबाचं तेल लावू का? न्हाईतर कापूर?"

"काहीच लावू नका. झाडपाल्याचं असलं तरी मांजराला सोसेलच असं नाही. घरात उवांची फणी आहे ना? बारीक दातांची? रोज फणीनं विंचरायचं आणि निघेल ते साबणाच्या पाण्यात बुडवायचं. बास."

त्यांनी भुरीच्या पाठीवरचे काळे कण ओल्या कापसावर टिपले. कापूस तांबडा झाला.

"ही पिसवांची घाण. म्हणजे रक्तच. ह्यांची अंडी अंगावरनं गळतात आणि मांजर झोपतं तिथं पडतात. त्यातनं अळ्या निघतात, त्या ही घाण खाऊन वाढतात. झोपते कुठं ही?"

"पडवीत," वनिता म्हणाली.

गोचीड त्यांनी चिमट्यानं कातडीला लागून धरला आणि न पिळता सरळ ओढून काढला. "तेल ओतून, चटका देऊन काढायचा नाही," ते म्हणाले. वनिता खिडकीबाहेर बघत होती.

भुरी वाचली. संध्याकाळी घरी आल्यावर सरूबाई म्हणाल्या, "पडवीत कवा झोपती ती? दुपारची खिडकीतनं मागल्या खोलीत जाती. गाद्यांपाशी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कवा?"

मागच्या खोलीत आठ गाद्यांची चळत होती. वरच्या चार-पाच पाहुण्यांना घालायच्या, पुन्हा रचून ठेवायच्या. तळातल्या गादीला मे महिन्यापासून कुणी हात लावला नव्हता, आणि का ते एकट्या वनितालाच ठाऊक होतं. दारू पिऊन आलेल्या एका टोळक्यातला एकजण त्या गादीवर ओकला होता. वनितानं नाक दाबून वरवर फडकं मारलं, गादी सगळ्यात खाली सारली आणि वर बाकीच्या रचल्या. पुढं पावसाळा गेला. तिला आठवण झाली नाही असं नाही. हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चळत उतरवली. शेवटची गादी एका कोपऱ्याला धरून उचलली.

आंबट, कुबट वास नाकात शिरला. गादीखाली मिरपूड सांडावी तसा काळा भुगा होता, त्यात मिठासारखे पांढरे कण. आणि त्या भुग्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पांढरट अळ्या वळवळत होत्या. उजेड पडताच त्या फरशीच्या भेगेकडं सरपटायला लागल्या. खोली हलतेय असं वनिताला वाटलं.

ती धावत बाहेर गेली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी भडाभडा ओकली.

"तू थांब," धम्मदीप म्हणाला. "मी करतो."

"न्हाई." तिनं चूळ भरली. "म्याच सारलीती ती खाली."

ती गादी दोघांनी माळावर नेऊन जाळली. चादरी आणि खोळी उकळत्या पाण्यात घातल्या. उरलेल्या गाद्या खळ्यात उन्हात उलट्या-पालट्या केल्या. वनितानं फरशीची एकेक भेग खराट्याच्या काडीनं उकरली आणि निघालेला केर साबणाच्या बादलीत टाकला. मधे दोनदा बाहेर जाऊन उभी राहिली. दुपारी तिला घास गिळवला नाही.

संध्याकाळी तिनं शुभ्राला फोन लावला. "डास नव्हतं, बाई. पिसवा आमच्याच गादीत हुत्या. तुमचं कपडं गरम पाण्यात घाला."

"मी कपडे तसेच बॅगेत ठेवलेत अजून," शुभ्रा म्हणाली, आणि फोन ठेवला. ती पुन्हा आली नाही.

त्या दिवसापासून वनिता रोज भुरीला विंचरू लागली. सरूबाई मांजर धरायच्या, ती मानेपासून शेपटीपर्यंत फणी ओढायची. पहिल्या दिवशी एकवीस पिसवा निघाल्या. पाण्यात पाय मारणाऱ्या त्या पिसवा बघून तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं. भुरी गवतातून फिरून आली की वनिता गोचिडासाठी तिचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपायची. दुसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा वाढल्या. डॉक्टर म्हणाले, कोषातल्या आत्ता बाहेर पडताहेत, सोडू नका. तिनं सोडलं नाही. रोज कोपरापर्यंत हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फणी घेतली. महिना उलटून गेल्यावर कुठं फणी कोरडी यायला लागली.

दिवाळीनंतर कुंडलिकची बायको सगुणाबाई आली. तिच्या पोरांच्या पायांवर तशाच पुटकुळ्या होत्या.

"तू काय चोळलंस गं मांजराला? पाला का राख?"

"काय न्हाई चोळलं. तुमची मांजर झोपती कुठं?"

"झोपती हितंतितं. भाताच्या पोत्यांमागं."

"पोती हलवली कवा?"

सगुणाबाईनं तोंड वाकडं केलं. "तिकडं कोण हात घालतंय! उंदरांची घाण लई."

वनितानं पदर तोंडाला बांधला. तिच्या गळ्याशी आत्ताच आंबट आलं होतं.

"चला," ती म्हणाली. "तुमी तिकडनं धरा, म्या हिकडनं."