सीट चार बोटं वर

मित्रांनो, जिन्याखाली जिच्यावर ओले टॉवेल वाळत पडायचे, ती जुनी सायकल मीच. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग गडद निळा होता. माझ्या आताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी मला तेवीस वर्षं कामावर नेलं. तेलपाणी अगदी वेळच्या वेळी. ते गेले आणि मी लेकीच्या घरी या जिन्याखाली आले.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका. धावताना त्यांचा गुडघा दुखावला. चार पावलं चाललं तरी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "धावणं विसरा. सायकल चालवा, गुडघ्यावर भार कमी येतो." मुख्याध्यापिकांनी आधीच बजावलं होतं, शाळा उघडेपर्यंत मैदानावर उतरता आलं नाही तर कचेरीतलं काम घ्यावं लागेल. बाईंचा तर सगळा जीव मैदानात.

मला पुसून बाहेर काढलं. सासूबाईंनी मायेनं माझी सीट पार खाली करून घेतली.

"अगं, दोन्ही पाय टेकायला हवेत. आणखी पडलीस म्हणजे?"

बाई रोज सकाळी नेमानं अर्धा तास फिरायच्या. पण गुडघा बरा व्हायचा सोडून सुजला. "द्या हिला भंगारात," त्या म्हणाल्या. मला फार लागलं ते.

सुदैवानं व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात आणायला सांगितलं. बाईंना माझ्यावर बसलेलं पाहून त्या हसल्याच.

"अहो, गुडघे हनुवटीला लागतायत की! असं बेडकासारखं बसून सूज कशी उतरेल?"

सासूबाई ओशाळल्या. "माझंच शहाणपण ते."

पाना आणून सीट चार बोटं वर घेतली. पेडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, हे डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. आठवडाभर विश्रांती, मग रोज फक्त दहा मिनिटं.

पहिल्या दिवशी सासूबाई मला मागून घट्ट धरून उभ्या.

"आई, तुम्ही धरून ठेवल्यावर मी पुढे कशी जाऊ?"

"जा बाई, जा. पण हळू!"

हळूहळू सूज उतरली आणि शाळा उघडली. बाई अजून धावत नाहीत. मुली मैदानाला फेऱ्या मारतात आणि त्यांच्या बाजूनं बाई माझ्यावरून ओरडत जातात, "रेंगाळू नका गं!" कचेरीतल्या कामाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिला तेल द्या, ब्रेक तपासा आणि बसण्याआधी तिची सीट आपल्या पायांच्या मापाची करून घ्या. दुखऱ्या माणसाला आम्ही फार जपून नेतो; तेवढं आमच्याकडेही बघा.