भिंगरी हरवली आहे

सुट्ट्यांच्या दिवसांत शहरातली माणसं विश्रांती घेतील तर शपथ. वर्षभर दमलेले हे जीव नेमके त्याच आठवड्यात घराबाहेर पडतात, रांगा लावतात, रांगेत भांडतात आणि संध्याकाळी आणखी दमून घरी जातात. वर पुन्हा सगळ्यांना सांगतात, काय मजा आली म्हणून! तळ्याकाठच्या मैदानावरचा वर्षअखेरचा मेळा अशाच लोकांसाठी भरायचा. आकाशपाळणा होता, मुलांची छोटी रेल्वे होती, झाडाझाडावर दिव्यांच्या माळा होत्या, आणि या सगळ्या कल्लोळावर कर्ण्यांतून येणारा एका बाईचा शांत, गोड आवाज होता.

शांतपणा होता तो फक्त कर्ण्यापुरता. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत माइकसमोर बसलेली निवेदिका स्वतः घटकाभर स्वस्थ बसत नसे. पाय हलत असायचा, पेनाचं टोपण निघत-लागत असायचं, मध्येच उठून ती खिडकीबाहेर डोकावून यायची. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात सासूने तिचं नाव ‘भिंगरी’ ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आज भिंगरीच्या जिवाची घालमेल जरा जास्तच होती. नवरा लेकीला आणि माईंना, म्हणजे त्याच सासूबाईंना, घेऊन मेळ्याला आला होता. माई हल्ली विसरायला लागल्या होत्या. पण आयुष्यभर शाळेत पोरांचे कान पिळलेल्या बाईला स्वतःची चूक कबूल करणं कुठलं जमायला! भाजीत दोनदा मीठ पडलं की म्हणायच्या, “तुमच्या जिभा बिघडल्यात.” मागे एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना वाट चुकल्या आणि शेजारणीने हाताला धरून घरी आणलं. तर दारातूनच माई म्हणाल्या, “हिला एकटीला यायला भीती वाटत होती, म्हटलं सोबत करावी.”

“माईंना नको आणूस, फार गर्दी असते,” असं भिंगरीने सकाळी नवऱ्याला बजावलं होतं.

“मग काय घरी कोंडून ठेवू तिला? आणि तू आहेसच की तिथे,” असं म्हणून त्याने विषय संपवला होता.

अंधार पडायला लागला तेव्हा तो लेकीला कडेवर घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. तोंडाचा रंग उडाला होता.

“आई इकडे आली का?”

भिंगरी ताडकन उठली. “माझ्याकडे? तुझ्याबरोबर होत्या ना?”

“अगं, हिची चप्पल निसटली रेल्वेपाशी. मी खाली वाकलो, नि वर बघतो तर आई नाही.”

भांडायला पुष्कळ होतं, पण वेळ नव्हता. थोड्याच वेळात मैदानावरचे सगळे दिवे मालवून तळ्यात सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघायची होती. दिवे गेले की सगळी गर्दी काठाकडे लोटते, आणि काठाला कठडा कसला, तर नुसता दोरखंड. भिंगरीने मेळ्याच्या व्यवस्थापकाला फोन लावला. “दिवे घालवू नका. माझ्या सासूबाई सापडत नाहीयेत.”

“बाई, लोक शिट्ट्या मारतायत इथे,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, “बघतो, थोडा वेळ थांबवतो. पण लवकर आटपा.”

तिने माइक ओढला. हरवलेल्या माणसाला ‘हरवला’ म्हणायचं नाही, हा तिचा नेम होता. ऐकणाराही घाबरतो आणि शोधणाराही. “निळा स्वेटर घातलेल्या, चष्मा लावणाऱ्या माई जिथे असतील तिथून फाटकाजवळच्या खोलीत याव्यात. घरची माणसं वाट पाहत आहेत.” आवाज नेहमीसारखाच गोड निघाला. स्वतःच्या त्या गोडव्याचा तिला संताप आला.

कोणी आलं नाही. तिने पुन्हा पुकारा केला. सुरक्षारक्षक धावले, नवरा लेकीला तिच्याजवळ ठेवून तळ्याकडे पळाला. भिंगरी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. सगळं टाकून धावत सुटावं असं तिला वाटत होतं. पण माई आल्याच तर इथेच येणार, आणि हा आवाज सोडला तर त्यांच्या ओळखीचं त्या गर्दीत काही नव्हतं. “आई, तू बस ना गं,” लेक म्हणाली. पण बसवतंय कुणाला!

तेवढ्यात फुगेवाली आत डोकावली. “ताई, निळ्या स्वेटरच्या आजी मला दिसल्या होत्या. मी म्हटलं, अहो, तुमच्याच नावाचा पुकारा चाललाय. तर म्हणतात कशा, ती दुसरी कोणी असेल बिचारी. एवढं विसरायला होत असेल तर माणसाने घराबाहेर पडावं कशाला!”

“मग? गेल्या कुठे?”

“मी फुग्याचे सुटे देत होते हो. मान वर केली तर नाहीत. पाण्याकडे गेल्या वाटतं.”

भिंगरी खुर्चीत बसली. तिला एकदम शेजारीण आठवली. कितीही पुकारा केला तरी माई येणार नव्हत्या, कारण माई हरवलेल्याच नव्हत्या. हरवतात ती दुसरी माणसं. आणि हरवलेल्या माणसांना घरी पोचवायचं काम माईंचं.

फोन वाजला. “आता नाही थांबवता येत,” व्यवस्थापक म्हणत होता. तिने फोन तसाच बाजूला ठेवला आणि माइक सुरू केला. या खेपेला आवाज गोड काढायची गरजच पडली नाही. तो आपसूकच फुटला.

“माई, मी भिंगरी बोलतेय. माई, मी हरवले. इथे फार गर्दी आहे आणि मला काही सुचत नाहीये. मी फाटकाजवळ पत्र्याच्या खोलीत बसलेय. मला घ्यायला या ना हो.”

मैदानभर आधी हशा पिकला. रोज लोकांना वाट दाखवणारी बाईच हरवली म्हणजे काय! मग हसू आपोआप ओसरलं. पलीकडे आकाशपाळणा थांबला. दिवे मात्र तसेच राहिले. फोनवर व्यवस्थापक अजून ऐकत होता.

ती तेच बोलत राहिली. लाज, नोकरी, लोक काय म्हणतील, सगळं गेलं खड्ड्यात.

आणि मग दारात माई उभ्या. एका धिप्पाड सुरक्षारक्षकाची बाही त्यांनी घट्ट धरली होती, आणि तो खोड्या करताना सापडलेल्या पोरासारखा मागून येत होता.

“हिलाच शोधत होते मी,” त्या त्याला म्हणाल्या. “जा आता तू.” मग सुनेकडे वळल्या. “एवढी घोडी झालीस, तरी गर्दीत हात सोडतेस? किती वेळा सांगितलंय, एका जागी उभं राहावं म्हणून!”

“चुकलं, माई,” भिंगरी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. माईंच्या चपला ओल्या होत्या. स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत भिजली होती. काय झालं ते तिने विचारलं नाही.

बाहेर दिवे गेले. गर्दी ओरडत काठाकडे निघाली. अंधारात माईंनी तिचं मनगट पकडलं. हात थंडगार होता.

त्या तिच्या कानाशी वाकल्या. नातीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आपलं घर कुठल्या बाजूला आहे, ते तुझ्या लक्षात आहे ना गं?”

“आहे, माई.”

“मग झालं तर. घाबरू नकोस,” माई म्हणाल्या. “चल, मी नेते तुला.”