इटलीला गेलेला हँडीकॅम

मी शैलेंद्रसाहेबांचा हँडीकॅम बोलतोय. जन्म जपानचा, संसार शारजातला. आजवर दुसऱ्यांचं बोलणं टिपत आलो. आज जरा माझंही ऐकून घ्या.

साहेब एसीच्या कंपनीत मॅनेजर. त्यांच्या उजव्या डोळ्याला मी जो चिकटलो, तो चिकटलोच. लेकीचा, अस्मीचा वाढदिवस, घरचा गणपती, डेझर्ट सफारी, सगळं त्यांनी माझ्यातूनच पाहिलं. पाहिलं कसलं, "नंतर निवांत बघू" म्हणून टेपा रचून ठेवल्या.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्ही इटलीच्या किनाऱ्यावर गेलो. डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, खाली समुद्राला टेकलेली रंगीत गावं. साहेबांच्या पत्नी छायावहिनी हरखल्या.

"अहो, जरा बसू या ना इथे."

"बसायला घरी सोफा आहे. अजून तीन गावं कव्हर करायचीत. यल्ला, चला!"

पुढच्या गावाला बोटीने जायचं होतं. साहेब मला डोळ्याला लावून चढले, मागोमाग अस्मी. वहिनी पाण्याची बाटली घ्यायला थांबल्या आणि बोट सुटली. त्या धक्क्यावर धावत आल्या, दोन्ही हात हलवू लागल्या.

"वा! एकदम नॅचरल! अजून हलव!" साहेब ओरडले.

"बाबा, आई इज नॉट ऑन द बोट," अस्मी म्हणाली.

"थांब गं, झूम करतोय."

झूम झाला, तेव्हा वहिनींचे भरलेले डोळे दिसले. साहेबांनी मला झटकन खाली केलं. किती वर्षांनी त्यांनी बायकोकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तोवर ती ठिपक्याएवढी झाली होती.

"हबीबी, माय वाइफ! वाइफ खलास!" ते शारजाच्या सवयीने अरबी मिसळून नावाड्याला विनवू लागले. त्या भल्या माणसाने टोपी काढली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि साहेबांची पाठ थोपटली.

पुढच्या गावाहून लगेच दुसऱ्या बोटीने परतलो. वहिनी मळ्याच्या दगडी बांधावर, चपला काढून, एका आजीबाईंनी दिलेली अंजिरं खात बसल्या होत्या.

"छाया, सॉरी गं..." साहेब धावतच पुढे झाले.

"इतक्यात आलात? अजून एक बोट चुकली असती तरी चाललं असतं."

साहेबांचा हात सवयीने माझ्याकडे वळला. वहिनी म्हणाल्या, "ते बंद करा आणि अंजीर घ्या."

माझ्यावर झाकण बसलं. पुढचा तासभर मी काहीच टिपलं नाही. गंमत म्हणजे पाहुण्यांनी इटलीचं विचारलं, की साहेब तोच तास रंगवून सांगतात. टेप कुणी मागतही नाही.

आता मी कपाटात, जुन्या चार्जरांच्या शेजारी. साहेबांनी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतलाय. तुम्ही कुठे निघालात, तर माझी एकच विनंती: आधी घरची माणसं बोटीत चढू द्या. आम्ही मागून येतो.