ओव्हरफ्लो

जितेंद्र शांती नगरच्या एका सोसायटीत पाणी सोडायचा. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मोटर बंद करायची. हीच अक्कल त्याने पेणकरपाड्यातल्या घरी बायकोवर चालवली.

जागृती महिनाभर हंड्याने पाणी पीत होती आणि तेवढंच मुतत होती. चाळीच्या संडासात तिच्या खेपा बघून शेजारणी हसायच्या. साखर तपासली, नॉर्मल.

"ओव्हरफ्लो होतोय," जितेंद्र म्हणाला. "वरून बंद केलं की खालचं थांबेल."

"बरोबर हाय," आई गोदूबाई म्हणाली. "आमच्या वेळी बायका एवढं पाणी मागत नव्हत्या."

मागत होत्या. कोणी देत नव्हतं.

नळ संध्याकाळीच यायचा. जितेंद्रने माठ, हंडे मागच्या खोलीत कोंडले, चावी खिशात टाकली आणि कामावर गेला. शेजारी कोणी पाणी देऊ नये, हे बघायला गोदूबाई दारात बसली.

दुपारी तो आला तेव्हा जागृती भिंतीला टेकून बरळत होती. त्याला "काका" म्हणाली. जीभ कोरडी ठाक, साडी मात्र ओली. वरून बंद होतं, खालून चालूच होतं.

रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. रक्तात मीठ भलतंच वाढलेलं.

"पाणी कोणी बंद केलं?" डॉक्टर बाई ओरडल्या. "किडनी ढीगभर पाणी गाळते आणि बहुतेक सगळं परत रक्तात घेते. किती परत घ्यायचं, ते मेंदूतून येणारं हार्मोन सांगतं. हिचं ते हार्मोन कमी पडलंय, म्हणून पाणी निघून जातं. ही पिते म्हणून जात नाही. जातं म्हणून पिते! याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात."

"मग साखर बंद करू?" गोदूबाईने विचारलं.

"साखरेचा संबंध नाही, आजी! काही बंद करू नका."

सलाइन लागलं, त्या हार्मोनचं औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जागृतीने नवऱ्याला ओळखलं आणि पाणी मागितलं. त्याने पेला भरला आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"त्यांना काय विचारता?" जागृती म्हणाली. "तहान मला लागलीय."

"गोळी चालू असेपर्यंत तहानेपुरतंच प्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण तहान लागली की प्यायचंच."

पेला रिकामा करून तिने हात पुढे केला.

"चावी."

जुडग्यात सोसायटीच्या पंपाचीही चावी होती. तो खोलीची वेगळी काढायला लागला.

"सगळ्या द्या," जागृती म्हणाली. "तुमचा भरवसा नाही."