हात पोहोचत नाही तिथे

डॉक्टरबाईंनी दार लावलं आणि सवयीने लिंडसेकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची त्याच्या बायकोकडे, चेट्टाकडे वळवली.

"पोटरीवरचा तो डाग कातडीच्या कॅन्सरचाच आहे, चेट्टा. यकृतापर्यंत पोहोचलाय."

"तुम्ही दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट उघडलाय," लिंडसे म्हणाला. "असलं सगळं मला होतं, हिला नाही. नीट बघा ना!"

ऑस्ट्रेलियात, मॅकायच्या खाडीत, भर उन्हात खेकड्यांचे सापळे टाकता टाकता त्याच्या गोऱ्या कातडीला कॅन्सर धरायचा; नाक, कान, मान तुकड्यातुकड्याने कापून झालं होतं. चेट्टा माल्टाहून आलेल्या ऊसवाल्यांची मुलगी, सावळी. रोज पहाटे ती मागच्या दाराशी सनस्क्रीनची मोठी बाटली घेऊन उभी राहायची. "वळ रे, उकडलेल्या खेकड्या!" म्हणत त्याच्या पाठीला क्रीम चोपडायची, चष्मा लावून एकेक तीळ बघायची. स्वतःला तिने कधी बोटभर लावलं नाही. "मला काय होतंय? आम्ही उन्हातच वाळलेली माणसं." तिच्या पोटरीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"माझ्या मांडीची कातडी काढा," लिंडसे म्हणाला. "माझ्या नाकाला लावली होती ना? तशी हिला लावा. हवी तेवढी काढा."

"आता कातडीने भागणार नाही, लिंडसे."

"मग यकृत घ्या!"

"पुरे रे," चेट्टा म्हणाली. "बाईंना छळू नकोस. चल घरी."

दुसऱ्या दिवसापासून तोच बाटली घेऊन तिच्या मागे लागला. पाय, हात, मान, पांढरीफटक होईपर्यंत चोळायचा. ती अंथरुणाला खिळली, खोलीचे पडदे ओढले गेले, तरी तो थांबला नाही.

"अरे, इथे कुठलं आलंय ऊन?"

"गप पड."

"लग्नातला केक दिसतेय मी."

"पड म्हटलं ना!"

"आणि तुला कोण लावतंय? वळ बघू."

तिने हात उचलला. तो अर्ध्यातच खाली आला. मग लिंडसे पलंगाला टेकून जमिनीवर बसला आणि त्याने आपली पाठ तिच्या बोटांशी नेली.

ऊसतोडणी सुरू व्हायच्या आतच ती गेली.

सापळे तसेच पाण्यात पडून होते. आज पहाटे लिंडसे निघाला. मागच्या दाराशी उभं राहून त्याने नाकाला, कानांना, दंडांना क्रीम लावलं. पाठीकडे एक हात वरून नेला, एक खालून. बोटं पोहोचेनात. त्याने चेट्टाचा मॅकरोनी ढवळायचा लांब डाव घेतला. क्रीम डावालाच चिकटलं, थोडं फरशीवर सांडलं. त्याने फरशी पुसली, डाव धुतला आणि होता त्याच खिळ्याला अडकवला.

खाडीवर पोहोचून त्याने होडी पाण्यात लोटली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. अंगात बनियन होतं. दोन खांद्यांच्या मधे, बनियनच्या वर, क्रीम लावायचं राहिलं आहे.