लांबी भरलेला खांब

आमच्या धंद्यात जुना रंग काढणारा एक असतो आणि कुजलेलं लाकूड काढणारा दुसरा. मी रंगारी, पिराजी सुतार. बारा वर्षं आम्ही जोडीनं कामं केली. मी ब्लो लॅम्पनं रंग भाजायचो, पत्र्यानं खरवडायचो, आणि लाकूड उघडं पडलं की पिराजी टोचा घेऊन यायचा. वीत-वीत सोडून टोचायचा. टोचा आत गेला की तिथं खडूची फुली. मग चांगलं लाकूड लागेपर्यंत पटाशीनं कापायचं आणि सागाचं ठिगळ बसवायचं. दुसऱ्या सुताराचं काम असलं तर तेही त्याच्यासमोरच टोचायचा, आणि पास झालं तर म्हणायचा, "बरं हाय, पावणं." परक्याला तो पावणंच म्हणायचा. मी मात्र पहिल्या महिन्यापासून धोंड्या. त्याच्याच पटाशीनं किरकोळ ठिगळं बसवायला मी शिकलो होतो. ती त्यानं कधी टोचून बघितली नाहीत, आणि त्याचा मला माज होता.

अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याच्या तोंडावर राजारामपुरीत हंबीररावांच्या बंगल्याची वरच्या मजल्यावरची लाकडी गॅलरी आमच्याकडं आली. माणूस ट्रकवाला, आवाज हॉर्नसारखा. दसऱ्याला सकाळी हातकणंगल्याहून पाहुणे त्यांच्या प्रीतीला बघायला येणार होते, आणि पोरीआधी गॅलरी चकचकीत दिसायला हवी होती. अष्टमीपर्यंत सगळं उरकलं. कोपऱ्यातला एक खांब तेवढा पावसानं राहिला. तो मी खंडेनवमीला भाजला, बुडाशी बोट दाबलं, तर बोट आत गेलं.

तसाच उत्तरेश्वर पेठेत पिराजीच्या घरी गेलो. हत्यारं पाटावर मांडलेली, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार तो दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत उचलत नसे.

"उघडा ठेव खांब," पिराजी म्हणाला. "उद्या सांजचं शिलंगण झालं की येतो."

"पावणं सकाळीच येत्यात. पटाशी दे, मी कापतो."

"पुजल्यात, धोंड्या. आज न्हाय."

आम्ही बौद्ध. आमच्या घरी खंडेनवमी नसते, दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून वंदनेला जातो. पण पिराजीचा नेम मी बारा वर्षं मानत आलो होतो. बंगल्यावर परत येऊन तसं सांगितलं, तर हंबीररावांना त्याचं नवल वाटलं.

"तुमच्यात न्हाय नव्हं हे समदं? मग तुझं काय अडतंय? लांबी भर आणि रंग मार की."

'तुमच्यात' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की माझं डोकं सणकलं. रागात माणसानं निघून जावं. मी रागात काम केलं. लांबी म्हणजे खडूची पूड अळशीच्या तेलात मळून केलेला लगदा. खिळ्याचं भोक बुजवायला ठीक, पण भार पेलायची ताकद तिच्यात नसते. मी ती ओंजळभर घेतली, बोटांनीच खांबाच्या बुडात कोंबली, आणि ती वाळायच्या आत वर रंगाचे दोन हात मारले. खांब नवा दिसायला लागला.

दसऱ्याला संध्याकाळी पिराजी सोनं द्यायला माझ्याकडं आला. खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

"चल, खांब बघू," म्हणाला.

"झाला त्यो. बाजारातनं नवी पटाशी आणली, कापून ठिगळ बसवलं."

का असं म्हणालो? खरं सांगितलं असतं तर ओला रंग पुन्हा खरवडावा लागला असता, हंबीररावांच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या. आणि त्याच्यावाचून माझं अडत नाही, हेही मला दाखवायचं होतं.

"तू केलंयस न्हवं? मग मी काय बघू," म्हणत त्यानं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातात आपट्याची पानं दिली. उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग परवा. मग ते राहूनच गेलं.

तीन वर्षांनी, पावसाळ्यात, छपराच्या कडेची फळी सुटली म्हणून हंबीररावांनी पिराजीला बोलावलं. मी तेव्हा बिद्रीला कामावर होतो. पुढचं मला त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं.

"समदं खांब टोचून बघितलं त्यांनी. कोपऱ्यातला तेवढा सोडला. हंबीरराव म्हणालं बी, ह्यो ऱ्हायला की. तर ह्ये म्हणालं, ह्यो धोंड्यानं केलाय. आणि त्येलाच धरून भाईर वाकलं."

खांब बुडातून मोडला. पिराजी वरनं खाली फरशीवर पडला आणि त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. मोडक्या बुडातून माझी पांढरी लांबी बाहेर सांडली होती. ती त्यानं पडल्या जागेवरून पाहिली, हे हंबीररावांनीच मला सांगितलं. भरायला सांगणारा दुसराच कुणी असल्यासारखं सांगितलं.

मी पिराजीच्या खाटेशी बसून सगळं कबूल केलं. शिव्या घाल, थोबाडीत मार, म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"पाऊस लई हाय यंदा," एवढंच म्हणाला.

त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही.

त्याच वर्षी नवरात्रात मी त्याच्या घराच्या दाराची चौकट करायला घेतली. मला कुणी बोलावलं नव्हतं. जुना रंग भाजून काढला. बूड कुजलं होतं, ते पांढरं झडलेलं लाकूड संपून चांगला साग लागेपर्यंत कापलं. ह्या वेळी खरोखरच नवी पटाशी विकत आणली होती. तुकडा असा बसवला की सांध्यात नख जाऊ नये. तीन दिवस लागले. खंडेनवमीला सकाळी, रंगाचा शेवटचा हात मारायच्या आधी, मी त्याला हाक मारली.

आत पाटावर हत्यारं मांडलेली होती. चिमणाबाईनं नुकतीच फुलं वाहिली होती. पिराजीनं चौकटीकडं पाहिलं, मग पाटाकडं पाहिलं. वाकला, आणि डाव्या हातानं फुलांतून टोचा उचलला.

"अवो, आज खंडेनवमी हाय," चिमणाबाई म्हणाली.

त्यानं लक्ष दिलं नाही. बुडापासून सुरू केलं. वीत-वीत सोडून, वरपर्यंत, मग दुसरी बाजू. डावा हात सवयीचा नव्हता, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोनदा टोचत होता. मी समोर उभा होतो.

टोचा कुठंच आत गेला नाही. पिराजीनं तो शर्टाला पुसला, परत फुलांत ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"बरं हाय, पावणं."

मग तो आत गेला. मी शेवटचा हात मारला, ब्रश धुतला आणि घरी आलो.