पिवळा पट्टा, एक दिवस आधी

तेव्हा नागपुरात कराटेचे रंगीत पट्टे सहजी मिळायचे नाहीत. रविंद्रसरांच्या क्लासात रीतच होती, पोरं पास झाली की आयांनी तोच पांढरा पट्टा घरी रंगवायचा. आधी पिवळा, पुढे नारिंगी, मग हिरवा. रंग गडद होत जायचा, मागे फिरायचा नाही.

प्रमोदिनीने मात्र परीक्षेच्या आदल्या दुपारीच पातेल्यात पिवळा रंग उकळला. निकाल लागल्याबरोबर बांधायचा, तर पट्टा वाळलेला नको का? लेक सुहासिनी पास होणारच, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं.

शाळेतून आलेल्या सुहासिनीने दोरीवरचा पट्टा पाहिला. "आता उद्या मी काय बांधू वं आई?"

प्रमोदिनीने पट्टा सोड्यात उकळला, उरल्यासुरल्या उन्हात टाकला, पुन्हा उकळला. पिवळा काही उतरला नाही.

सकाळी महाल भागातल्या हॉलमध्ये तिने स्वतःच सरांना सगळं सांगितलं.

"इतकी घाई काहून जी, ताई?"

"वाळायला वेळ लागतो म्हणून... कोणाचा तरी पांढरा द्या ना."

"दुसऱ्याचा पट्टा आम्ही बांधत नाही." सर सुहासिनीकडे वळले. "हा बांधला तर पिवळ्यांची परीक्षा घेईन. बिनपट्ट्याची राहिलीस तर पांढऱ्यांची. पण मग जागा सगळ्यात मागे, कालपरवा आलेल्या पोरांच्याही मागे."

प्रमोदिनी बी.ए. झाली तरी गावची शाळा ती विसरली नव्हती. छप्पनच्या धम्मदीक्षेआधी तिथे तिला दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसवायचे. आपली पोर कुठेच मागे राहणार नाही, हे तिने पोर पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

"बांध," ती कुजबुजली. "तुला पिवळ्यांचंही येतं."

"नाही येत वं. मले माहीत आहे ना."

आणि सुहासिनी रांगेच्या कडेकडेने चालत पार मागे गेली.

पहिल्याच लाथेला तिचा सैल सदरा उघडला, आतली बनियन दिसली. पुढचं एक पोरगं फिसकन हसलं. प्रमोदिनीने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि उठून दोन पावलं टाकलीसुद्धा. सुहासिनीने तिच्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली. सदऱ्याला हात न लावता तिने पुढची लाथ मारली, आधीपेक्षा वर.

हिला तिथे कोणी बसवलं नव्हतं. ती आपल्या पायांनी गेली होती.

प्रमोदिनीने पिन पुन्हा बांगडीत अडकवली आणि भिंतीशी जाऊन बसली.